आवडत्या पाइप तंबाखूला स्वस्त पर्याय कसा शोधतात?

पाइप ओढणाऱ्याची तंबाखू सहसा ठरलेली असते. वर्षानुवर्षे तोच डबा, तोच वास, तीच चव. मग कधीतरी त्या डब्याची किंमत परवडेनाशी होते, किंवा तो बाजारातून नाहीसाच होतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची मॅक्लेलंड ही जुनी कंपनी बंद झाली. त्याच सुमारास डनहिल या नावाने मिळणारी पाइप तंबाखूही थांबली. अशा तंबाखूचे उरलेले डबे पुढे मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले.

अशा वेळी स्वस्त पर्याय शोधायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डब्यावरच्या नावाचा शोध घेऊन फारसे हाती लागत नाही. आत कोणते पान आहे, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे आणि ते कसे कापले आहे, हे समजले की शोध सोपा होतो.

डब्याची किंमत नेमकी कशाची?

पाइप तंबाखूचा डबा बहुधा 50 ग्रॅमचा असतो. पाइप एकदा भरायला साधारण दोन ते तीन ग्रॅम तंबाखू लागते. म्हणजे एका डब्यात वीसेक वेळा पाइप भरता येतो. डब्याच्या किमतीत पानाखेरीज डबा, छपाई, ब्रँडचे नाव, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि कर हे सगळे असते.

यातला कर देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये पाइप तंबाखूवर वजनानुसार मोठा कर आहे. पान हलके असो वा उंची, प्रत्येक ग्रॅममागे कर तेवढाच, त्यामुळे साधी तंबाखू घेऊनही बचत मर्यादित राहते. अमेरिकेत पाइप तंबाखूवरचा केंद्रीय कर त्या मानाने कमी आहे. राज्यांचे कर वेगवेगळे असले, तरी तिथे पर्याय शोधून खर्चात खरा फरक पडू शकतो.

आधी मिश्रण ओळखायचे

निपाणी-कोल्हापूर भागातली बिडीची तंबाखू आणि पाइपमधली तंबाखू एकाच वनस्पतीची. फरक पडतो तो वाण, माती आणि पान सुकवण्याच्या पद्धतीमुळे. पाइपच्या मिश्रणात मुख्यतः पुढील प्रकार येतात.

व्हर्जिनिया: बंद खोलीत गरम हवेने सुकवलेले पान. यात साखर जास्त असते, त्यामुळे चव गोडसर आणि गवतासारखी.

बर्ली: सावलीत हवेवर सुकवलेले पान. साखर जवळजवळ नसते. चव कोरडी, भाजलेल्या दाण्यांसारखी. बाहेरून लावलेला वास हे पान चांगले धरून ठेवते.

ओरिएंटल: तुर्कस्तान, ग्रीस आणि आसपासच्या भागातले उन्हात सुकवलेले लहान, सुगंधी पान.

लाटाकिया: ओरिएंटल पानाला सुगंधी लाकडांची धुरी देऊन केलेली काळी तंबाखू. नाव सीरियातल्या बंदरावरून आले, पण आज मिळते ती मुख्यतः सायप्रसच्या नावाने.

पेरीक: अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपात दाबून, महिनोन्‌महिने आंबवलेली तंबाखू. उत्पादन थोडे, म्हणून महाग. मिश्रणात ती चवीपुरतीच वापरतात.

कॅव्हेंडिश हे पानाचे नाव नसून प्रक्रियेचे नाव आहे. पानाला वाफ आणि दाब देऊन ते मऊ आणि सौम्य केले जाते. व्हॅनिला, चेरी किंवा रम यांच्या वासाच्या तंबाखूत बहुधा हेच असते.

आवडत्या डब्यावर किंवा विक्रेत्याच्या यादीत यातले घटक दिलेले असतात. प्रमाण मात्र बहुधा दिलेले नसते. गोड्या मसाल्यात काय काय पडते हे सर्वांना माहीत असते, तरी दोन घरांचा मसाला एकसारखा होत नाही. इथेही तसेच आहे. म्हणून हुबेहूब तीच चव मिळेल अशी अपेक्षा न ठेवता जवळची चव शोधावी.

तीच तंबाखू, नाव दुसरे

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे तीच वस्तू वेगळ्या नावाने मिळते का, हे पाहणे. डनहिलचे उदाहरण इथे उपयोगी आहे. आल्फ्रेड डनहिल यांनी 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढले. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून देत. पुढे ही तंबाखू 1981 पासून बेलफास्टच्या मरे कंपनीत आणि 2005 नंतर डेन्मार्कमध्ये तयार होऊ लागली. डनहिल हे नाव थांबल्यावर ‘अर्ली मॉर्निंग पाइप’, ‘नाइटकॅप’, ‘माय मिक्श्चर 965’ ही मिश्रणे 2019 पासून पीटरसन या नावाने बाजारात आली. डेन्मार्कमधला उत्पादक तोच राहिला. ज्यांना हे ठाऊक नव्हते ते मात्र जुन्या डनहिल डब्यांसाठी अवाच्या सवा पैसे मोजत राहिले.

सुटी तंबाखू

दुसरा मार्ग सुट्या तंबाखूचा. अमेरिकेतल्या तंबाखूच्या दुकानांत मोठ्या बरण्यांतून वजनावर तंबाखू मिळते. डब्याचा खर्च नसल्याने ती तेवढ्याच वजनाच्या डब्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. दुकानाचे ‘स्वतःचे’ म्हणून विकले जाणारे मिश्रणही अनेकदा मोठ्या कंपनीचेच असते. लेन लिमिटेडचे ‘1-क्यू’ हे व्हॅनिलाच्या वासाचे मिश्रण अशा वेगवेगळ्या नावांनी कितीतरी दुकानांत विकले जाते. पीटर स्टोकेबी यांच्या नावाच्या सुट्या फ्लेकही महागड्या व्हर्जिनिया फ्लेकच्या जागी वापरल्या जातात.

काही विक्रेते एखाद्या प्रसिद्ध मिश्रणाशी ‘जुळणारे’ असे सांगून सुटी तंबाखू विकतात. हा दावा विक्रेत्याचा असतो, मूळ कंपनीचा नव्हे. त्यामुळे आधी एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम घेऊन पाहणे शहाणपणाचे.

दुकानदाराकडूनच नक्कल करून घेण्याची वाट अलीकडे अरुंद झाली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे नियम ऑगस्ट 2016 पासून पाइप तंबाखूलाही लागू झाले. दुकानात मिश्रण करून विकणारा त्या नियमांनुसार उत्पादक ठरतो.

मोठ्या पिशवीचा फसवा हिशेब

अमेरिकेत ‘पाइप तंबाखू’ असे छापलेल्या मोठमोठ्या, फार स्वस्त पिशव्या मिळतात. त्यामागे कराची गंमत आहे. एप्रिल 2009 मध्ये हाताने वळायच्या सिगारेटच्या तंबाखूवरचा केंद्रीय कर पौंडामागे 1.10 डॉलरवरून 24.78 डॉलरवर गेला. पाइप तंबाखूवरचा कर मात्र 2.83 डॉलरच झाला. मग बऱ्याच उत्पादकांनी सिगारेटसाठी चालणारी तंबाखू पाइपची म्हणून विकायला सुरुवात केली. ती बारीक कापलेली असते. पाइपमध्ये ती भरभर आणि गरम जळते, जीभ पोळते. किंमत कमी दिसली, तरी पाइपसाठी ती कामाची नाही.

ओलाव्याकडेही पाहावे. फार ओली तंबाखू विकत घेणे म्हणजे पाण्याला तंबाखूचा भाव देणे.

तुलना कशी करतात?

वासाची तंबाखू ओढलेल्या पाइपमध्ये तो वास मुरतो आणि पुढच्या तंबाखूची चव बिघडवतो. म्हणून तुलनेसाठी मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप वेगळा ठेवतात. मिसूरीतल्या वॉशिंग्टन या गावात असे पाइप 1869 पासून बनतात.

जुनी आणि नवी तंबाखू सारखीच सुकवून, एकाच प्रकारच्या पाइपमध्ये, दिवसाच्या एकाच वेळी ओढून पाहतात. कापही सारखा असावा. दाबून काप काढलेली फ्लेक सावकाश जळते, मोकळ्या पट्ट्या लवकर जळतात. तेच पान कापामुळे वेगळे लागू शकते. एका बैठकीवरून निर्णय न घेता तीन-चार वेळा पाहून नोंद ठेवलेली बरी.

नवी तंबाखू किती कडक आहे, हेही तपासावे. चवीला जवळची वाटणारी तंबाखू निकोटिनला जड असली तर गरगरते, मळमळते.

जवळचे मिश्रण मिळाले पण एखादी गोष्ट कमी वाटली, तर काहीजण सुटी लाटाकिया किंवा पेरीक थोडी घेऊन घरी मिसळतात. दहा ग्रॅमवर प्रयोग केला की फसले तरी नुकसान थोडे. व्हर्जिनियाचे प्रमाण जास्त असलेली स्वस्त तंबाखू काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर किंवा अधिक काळ ठेवली की तिचा तिखटपणा उतरतो. लाटाकियाचा धुरकट वास मात्र काळाबरोबर मंद होत जातो.

जिथे पर्याय नाही

काही चवींना जोड मिळत नाही. मॅक्लेलंडच्या व्हर्जिनियाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येई. तो त्यांच्या प्रक्रियेचा भाग होता आणि कंपनीबरोबर तीही गेली. सीरियन लाटाकियावर उभी असलेली मिश्रणे सायप्रसच्या लाटाकियाने पुन्हा करता येतात, पण फरक कळतो. अशा ठिकाणी नकलांमागे पैसे घालवण्यापेक्षा नवे आवडते मिश्रण शोधणे स्वस्त पडते.

स्वस्त म्हणजे कमी घातक नव्हे

पाइपचा धूर छातीत न ओढताही तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका असतो. महाग पान असो वा स्वस्त, यात फरक पडत नाही. उलट, तंबाखू स्वस्त झाली की पाइप जास्त वेळा भरला जातो आणि वाचवलेले पैसेही त्यातच जातात. म्हणून पर्यायाचा हिशेब करताना ग्रॅमच्या भावाबरोबर आठवड्याला पाइप किती वेळा भरला, हेही मोजावे. दिवसाला तीनऐवजी एकदाच पाइप भरणाऱ्याला जुना, महागडा डबाही पूर्वीपेक्षा कमी खर्चात पुरतो.