पाठ आणि पाठभेद : एका दूरचित्रवाणी-खेळाच्या निमित्ताने

मराठीत ‘पाठ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. कविता पाठ असते, आणि कवितेचा पाठही असतो. पहिला अर्थ स्मरणाचा, दुसरा संहितेचा. वर्गात आम्ही दुसरा शिकवतो आणि विद्यार्थ्यांकडून पहिल्याची अपेक्षा करतो. या दोहोंना एकाच नियमात बांधणारा एक खेळ गेली काही वर्षे पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर लोकप्रिय आहे. त्याच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे आम्हांला अपुरे वाटते.

खेळ साधा आहे. ओळखीच्या गाण्याचा वाद्यमेळ सुरू होतो, शब्द पडद्यावर सरकतात, स्पर्धक गाऊ लागतो. मध्येच शब्द नाहीसे होतात आणि पुढची ओळ त्याने आठवणीतून गायची असते. आवाज कसा आहे, सूर लागला की नाही, याला गुण नाहीत. जुलै २००७ मध्ये अमेरिकेत एका दिवसाच्या अंतराने असे दोन कार्यक्रम सुरू झाले : एनबीसीवर ‘द सिंगिंग बी’ आणि फॉक्सवर ‘डोन्ट फरगेट द लिरिक्स’. दुसऱ्याचे सर्वोच्च बक्षीस दहा लाख डॉलर होते. त्याच वर्षी डिसेंबरात फ्रान्समध्ये ‘नूब्लिए पा ले पारोल’ आला. अमेरिकेतला मूळ कार्यक्रम २००९ मध्ये थांबला, फ्रेंच रूप मात्र रुजले. गीतकाराच्या शब्दाला मान देण्याची तिथली सवय जुनी आहे, हे त्याचे एक कारण असावे.

या खेळाआधीचा इतिहास उलट दिशेने गेलेला दिसतो. फ्लाइशर बंधूंनी १९२४ पासून काढलेल्या बोलपटपूर्व गीतपटांत शब्द पडद्यावर येत, आणि पुढे त्यांवरून उड्या मारणारा चेंडू प्रेक्षकांना ठेका दाखवी. १९६१ ते १९६४ या काळात मिच मिलरच्या कार्यक्रमाने तेच शब्द अमेरिकेच्या दिवाणखान्यात नेले. १९७१ मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए याने भाड्याने देण्यासाठी अकरा यंत्रे बनवली. त्याने एकस्व घेतले नाही, म्हणून यंत्र सर्वांचे झाले. तेव्हा शब्द छापील पुस्तिकेत होते. १९८०च्या दशकात लेसरडिस्क आली आणि ते पडद्यावर चढले. ‘काराओके’ म्हणजे रिकामा वाद्यवृंद. त्यात जागा रिकामी होती ती गायकाची. शब्द हाताशी होते, आणि पाठांतराच्या ओझ्यातून माणूस सुटला होता. २००७ च्या खेळाने नवे काही आणले नाही, दिलेले तेवढे काढून घेतले.

आता नामवंतांविषयी. फ्रान्समध्ये अधूनमधून नट, गायक, खेळाडू पाहुणे म्हणून येतात आणि जिंकलेली रक्कम एखाद्या सेवाभावी संस्थेला देतात. पैसा स्वतःचा नसल्यामुळे हरण्याची भीती वेगळी होते. लाज उरते. त्यातही पाहुणा गायक असला तर प्रेक्षक अधिक सावध होऊन बसतो, कारण गाणाऱ्याला शब्द यायलाच हवेत असे आपण गृहीत धरतो.

हे गृहीतक तपासण्यासारखे आहे. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमध्ये एला फिट्झजेरल्ड ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरली. ती थांबली नाही. विसरल्याचीच कबुली तिने चालीत बसवली, मध्ये लुई आर्मस्ट्राँगची नक्कल केली आणि गाणे शेवटास नेले. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाले. आपल्या खेळात ती त्या ओळीला बाद झाली असती.

योगायोग असा की त्याच १९६० साली आल्बर्ट लॉर्ड यांचा ‘द सिंगर ऑफ टेल्स’ प्रसिद्ध झाला. युगोस्लाव्हियातले कथागायक आपण शब्दन्‌शब्द तेच गातो असे शपथेवर सांगत, आणि ध्वनिमुद्रणे मात्र दर वेळी निराळी निघत. ते खोटे बोलत नव्हते. ‘तेच’ या शब्दाचा त्यांचा अर्थ आपल्याहून वेगळा होता. आपल्याकडच्या अभंगांच्या पाठभेदांतही स्मरणाची ही उदारता आढळते.

मात्र काटेकोरपणा ही छपाईचीच देणगी, असेही म्हणता येणार नाही. वैदिकांनी क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ रचून लेखणीवाचून अक्षर राखले. फरक राखणदाराचा आहे. तिथे अक्षराचे पावित्र्य पहारा देत होते. इथे पहारा प्रसिद्ध झालेल्या संहितेचा आहे, आणि तिच्यामागे हक्काची मालकी उभी असते. ‘आणि’च्या जागी ‘पण’ म्हटले, अर्थ बिघडला नाही, चाल बिघडली नाही, तरी शब्द चुकलाच. या नियमात आम्हांला विद्वत्तेपेक्षा कारकुनी जास्त दिसते. पण उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही हेच करतो, हे विद्यार्थी सांगतीलच.

फ्रेंच कार्यक्रमात ‘तेच गाणे’ अशा अर्थाच्या नावाची एक फेरी असते. दोघे स्पर्धक एकामागून एक तेच गाणे गातात. पहिला गात असताना दुसऱ्याच्या कानांवर हेडफोन चढवलेले असतात, म्हणजे त्याला काही ऐकू जाऊ नये. मग दोघांचे शब्द मूळ संहितेशी ताडून मोजले जातात. हस्तलिखितांची तुलना करणाऱ्या संपादकाला ही रीत अनोळखी वाटणार नाही. मात्र तो वगळलेला पाठ तळटीपेत तरी नोंदवतो. इथे ती टीप लिहायला कोणी बसलेले नसते.