मूत्रपिंड आणि राज्याची सीमा

विजयनगर म्हटले की मराठी वाचकास हंपी आठवते. येथे अभिप्रेत आहे ते म्हैसूर शहरातील विजयनगर, टप्प्याटप्प्याने वसलेले निवासी उपनगर. तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाची मूत्रपिंडे निकामी झाली आणि कोल्हापूरचा चुलतभाऊ एक मूत्रपिंड देण्यास तयार झाला, अशी कल्पना करावी. येथून पुढचा मार्ग वैद्यकशास्त्राइतकाच आपल्या राज्यघटनेने आखलेला आहे.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय. मुंबई, मद्रास, बंगळूर येथील मूत्रपिंडांचा बाजार उघडकीस येऊ लागला तेव्हा संसदेला थेट कायदा करता येईना. अनुच्छेद २५२ नुसार महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधानमंडळांनी ठराव केले, आणि १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत अमलात आला. इतर राज्ये ठराव करून मागाहून सामील झाली. आंध्र प्रदेशाने तर १९९५ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. कायदा एक, पण त्याची अंमलबजावणी राज्यागणिक, ही विषमता अशी आरंभापासूनच आहे.

या कायद्याने पती-पत्नी, आई-वडील, अपत्ये व भावंडे यांना ‘निकटचे नातेवाईक’ मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे त्यांत आली. चुलतभाऊ आजही बाहेरच! एकत्र कुटुंबात चुलतभाऊ हा भाऊच असतो, परंतु दलालही ‘चुलतभाऊ’ उभे करीत, हे विसरून चालणार नाही. अशा दात्यासाठी प्राधिकार समितीची अनुमती लागते. ती कोणत्या राज्यातील समितीने द्यावी? पंजाबातील दाता व रुग्ण आणि तमिळनाडूत शस्त्रक्रिया, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मूळ राज्याच्या समितीकडे बोट दाखविले, कारण नाते व आर्थिक स्थिती तेथेच पारखता येते. २०१४ च्या नियमांनी निकट नाते नसलेल्या दात्याच्या अधिवासाची पडताळणी तहसीलदार वा तत्सम अधिकाऱ्यावर सोपविली. तेव्हा आपल्या गृहस्थाच्या शस्त्रक्रियेची तारीख कोल्हापुरातील एका दाखल्यावर अवलंबून राहते. तहसील कार्यालयाला या दाखल्याची सवय क्वचितच असते.

मृत दात्याच्या मूत्रपिंडाची वाट पाहावयाची तर आणखी एक रेषा आडवी येते. वाटपाचा क्रम राज्य, मग प्रदेश, मग देश असा आहे. महाराष्ट्राचे प्रादेशिक केंद्र मुंबईत, कर्नाटकाचे चेन्नईत. १९५६ पर्यंत एकाच मुंबई राज्यात असलेली बेळगाव आणि कोल्हापूर ही जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरची गावे त्यामुळे दोन प्रदेशांत पडतात. राज्यपुनर्रचना भाषेसाठी झाली; तिच्या रेषा पुढे अवयवांच्या वाटपासाठीही वापरल्या जातील, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी असणे शक्य नव्हते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने नोंदणीसाठीची अधिवासाची अट काढण्यास राज्यांना सांगितले. हा निर्णय परप्रांतस्थ मराठी कुटुंबांच्या हिताचाच. मात्र रुग्णास ओळखक्रमांक एकच मिळतो, म्हणजे म्हैसूर, बंगळूर आणि पुणे अशा तीन रांगांत एकदम उभे राहता येत नाही. डायलिसिस सुरू होतानाच रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाशी बोलून रांग निवडावी. मूत्रपिंड शीतपेटीत साधारण एक दिवस टिकते, आणि विजयनगरापासून पुणे आठशे किलोमीटरांहून दूर आहे.