खोपीवरचें कौल

घरामागील परसांतल्या लांकडी खोपीकडे वर्षाचे अकरा महिने कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. सरपण, गोवऱ्या, कुदळ-फावडें, मोडकीं बाजलीं असा सारा संसार ती पोटांत घालून उभी असते. परंतु रोहिणी नक्षत्राची पहिली सर आली, कीं घरांतील वडीलधाऱ्या माणसाची नजर प्रथम तिच्या छपराकडे वळते. छप्पर नव्यानें झांकण्याच्या या खटाटोपाला मराठींत ‘शाकारणें’ असा स्वतंत्र शब्दच आहे. गवत बदला किंवा कौलें परता, शब्द एकच.

पूर्वी कोंकणांत व गोमंतकांत अशा खोपीवर भाताचा पेंढा, गवत किंवा माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालीत. एकदोन पावसाळ्यांत तें आच्छादन कुजे, आणि उन्हाळ्यांत ठिणगीचें भय असे तें निराळेंच. ज्याची ऐपत अधिक, तो नळीचीं कौलें घाली. कुंभार चाकावर निमुळती नळी काढी व ती उभी चिरून तिचीं दोन कौलें करी. एक उताणें, त्यावर दुसरें पालथें, अशी ही मांडणी केवळ स्वतःच्या वजनावर राही. माकडाची एक उडी वा मांजरांचें एक भांडण तिला पुरे होई. म्हणून दरवर्षीं कौलें परतावीं लागत. आणि परतण्यासाठीं वर चढलेला गडीच कांहीं कौलें पायाखालीं फोडून ठेवी!

या कष्टांतून सुटका झाली ती दूरच्या एका शोधामुळें. फ्रान्सच्या अल्सास प्रांतांतील आल्टकिर्श गांवच्या गिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं एकमेकांत अडकणाऱ्या चापट कौलांचें पेटंट घेतलें. कौलाच्या एका कडेला खांच आणि दुसऱ्या कडेला तींत बसणारी धार, एवढीच त्यांतील युक्ति. त्यामुळें एका कौलानें दुसऱ्यावर फार चढावें लागत नाहीं, आणि कमी मातींत अधिक छप्पर झांकलें जातें.

हा प्रकार हिंदुस्थानांत रुजला तो मंगळूरास. तेथें १८३४ पासून बासेल मिशनचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक काम करीत होते. धर्मांतर केलेल्या माणसांस जातीनें वाळींत टाकलें, कीं त्यांचा पिढीजात धंदाहि जाई. त्यांच्या पोटाचा प्रश्न सोडविण्यासाठीं मिशननें विणकाम काढलें, छापखाना काढला. आणि १८६५ सालीं छापखान्याचें यंत्रकाम जाणणाऱ्या गेओर्ग प्लेप्स्ट या जर्मन मिशनऱ्यानें नेत्रावती नदीच्या कांठीं कौलांचा कारखाना सुरू केला. धर्मप्रचाराविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, या माणसाची नजर मोठी चोखंदळ होती यांत शंका नाहीं. चिकणमाती नदीकांठीं, जळण घाटावरच्या रानांत, आणि माल न्यावयास समुद्र शेजारीं! लौकरच स्थानिक कारखानदारहि या धंद्यांत उतरले आणि गलबतें भरभरून कौलें मुंबईपर्यंत जाऊं लागलीं. पहिल्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें मिशनचे कारखाने ताब्यांत घेतले, तरी ‘मंगळूरी कौल’ हें नांव कायम राहिलें.

मात्र खोपीवरचें जुनें कौल काढून नवें घातलें, इतक्यानें काम भागत नसे. नळीचें कौल वाकड्या बांबूवरहि निभावून जाई. मंगळूरी कौलाच्या पाठीला टेंगूळ असतें. तें रिपेला अडकतें. म्हणून वासे सरळ आणि रिपा सारख्या अंतरावर हव्यात, नाहींतर खांच बसत नाहीं व पागोळी आंत गळते. एका ब्रासला सुमारें दीडशें कौलें लागतात. अर्थात् छपराबरोबर लांकूडहि बदलावें लागलें. सुताराला काम मिळालें आणि कुंभाराचा एक हक्काचा धंदा बसला. त्याची हळहळ कोणी फारशी केल्याचें दिसत नाहीं.

पुढें पन्हळी पत्रा आला. त्याचें पेटंट लंडनच्या गोदींतील इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर यानें १८२९ सालींच घेतलें होतें. पत्रा हलका, झटपट बसणारा. पण खिळा उंचवट्यावर न मारतां खोलगटांत मारला, कीं गळती ठरलेली. लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदारानें १९०१ सालीं पेटंट घेतलेला सिमेंटचा पत्रा गंजत नाहीं, म्हणून लोकांस फार आवडला. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतु असतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोग होऊं शकतो, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. तेव्हां असा जुना पत्रा खोपीवरून उतरवितांना तो फोडूं नये, करवतीनें कापूं नये; भिजवून सबंध खालीं घ्यावा व पोरांना लांब ठेवावें.

घरावर सिमेंटचा स्लॅब पडला, कीं उतरलेलीं मंगळूरी कौलें पुष्कळदां परसांतल्या खोपीवरच चढतात. त्यांतील एखादें उलटून पाहिल्यास मिशनच्या नांवाबरोबर १८६५ हा आंकडा उमटलेला सांपडतो. घर तेव्हांचेंच, असें मालक पाहुण्यांस मोठ्या अभिमानानें सांगतो. वास्तविक तें साल कारखान्याच्या स्थापनेचें आहे. कौल त्यानंतर किती तरी वर्षांनीं भाजलेलें असूं शकतें.