ॲसिरियन व पर्शियन साम्राज्ये

इ. स. पू. पहिल्या सहस्रकात पश्चिम आशियावर एकापाठोपाठ अधिराज्य गाजवणारी दोन साम्राज्ये. ॲसिरियाचे मूळ आजच्या उत्तर इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी, तर पर्शियनांचे नैर्ऋत्य इराणातील पार्स (आजचा फार्स) प्रांतात. ॲसिरियन साम्राज्याचा मुख्य काळ इ. स. पू. ९११ ते ६०९ आणि पर्शियन ॲकिमेनिड घराण्याच्या साम्राज्याचा इ. स. पू. ५५० ते ३३० असा मानतात. ॲसिरियन क्रूर आणि पर्शियन उदार, अशी या दोहोंची वाटणी इतिहासाच्या पुस्तकांत रूढ झाली आहे. प्रत्यक्ष कारभार पाहू लागले की ती टिकत नाही. प्रांतांची रचना, राजमार्ग, सरकारी टपाल, मांडलिकांचा खंड, अरॅमाइक भाषेतील दप्तर ही यंत्रणा ॲसिरियनांच्या काळात आकाराला आली आणि बॅबिलोनमार्गे पर्शियनांच्या हाती पडली.

ॲसिरियाची सुरुवात तलवारीने झाली नाही. अशुर हे आरंभी व्यापाऱ्यांचे शहर होते. इ. स. पू. एकोणिसाव्या शतकात तेथील व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि लोकरी कापड लादून आजच्या तुर्कस्तानातील कानेश येथे नेत व चांदी-सोने घेऊन परतत. कानेशच्या उत्खननात त्यांच्या वीस हजारांहून अधिक मृत्तिकापाट्या मिळाल्या. त्यांत हिशेब आणि करार आहेत, तशीच अशुरमध्ये राहून कापड विणणाऱ्या बायकांनी दूरच्या नवऱ्यांना पाठवलेली पत्रेही आहेत. मालाला भाव काय आला आणि पैसे का पोहोचले नाहीत, हे त्या रोखठोक विचारतात. पुढे हे शहर मितानी राज्याच्या अंमलाखाली गेले. इ. स. पू. चौदाव्या शतकात पहिल्या अशुर-उबालितने ते जोखड झुगारले आणि ॲसिरिया स्वतंत्र राज्य म्हणून उभे राहिले.

खऱ्या साम्राज्यविस्ताराला दुसऱ्या अशुरनासिरपालच्या (इ. स. पू. ८८३–८५९) कारकीर्दीत जोर आला. त्याने राजधानी कालहू (निमरूद) येथे नेली. नव्या राजवाड्याच्या वास्तुशांतीला ६९,५७४ पाहुण्यांना दहा दिवस जेवू घातल्याची नोंद त्याने कोरून ठेवली आहे. शत्रूंची कातडी सोलल्याची वर्णनेही त्याच्याच शिलालेखांत आहेत. ॲसिरियन क्रौर्याची बहुतेक साक्ष खुद्द ॲसिरियन राजांनीच दिलेली आहे. ती दरबारात येणाऱ्या मांडलिकांनी पाहावी आणि बंडाचा विचार सोडावा यासाठी होती. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण वाचताना तिचा हेतू ध्यानात ठेवावा लागतो. या राजवाड्यातील काही शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. एकोणिसाव्या शतकात निमरूदची शिल्पे बसरा-मुंबई मार्गाने जहाजातून लंडनला जात असत.

तिसरा तिग्लाथ-पिलेसर (इ. स. पू. ७४५–७२७) हा या साम्राज्याचा खरा शिल्पकार. जिंकलेल्या राजाकडून दरसाल खंडणी घेऊन परतण्याऐवजी त्याने मुलूख थेट खालसा करून त्यावर आपले सुभेदार बसवले. मोठे प्रांत तोडून लहान केले, म्हणजे कोणी सुभेदार डोईजड होऊ नये. हंगामी शेतकरी-सैनिकांच्या जोडीला खडे सैन्य आले. राजमार्गावर ठरावीक अंतरावर ठाणी होती. तेथे ताज्या दमाची खेचरे तयार ठेवत व राजाचे पत्र हातोहात पुढे जाई. जित प्रजेचे सामूहिक स्थलांतर हे या व्यवस्थेतील सर्वांत कठोर हत्यार होते. पुढचा एक राजा दुसरा सारगॉन समारियातून २७,२९० माणसे हलवल्याचे सांगतो. यामुळे बंडाची मुळे उखडली जात, ओसाड जमिनीला शेतकरी आणि राजधान्यांना कारागीर मिळत. पण गावे, देवळे आणि पूर्वजांची थडगी मागे टाकून चालत गेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा सर्वनाशच होता. मात्र या सक्तीच्या सरमिसळीतूनच अरॅमाइक भाषा साम्राज्यभर पसरली. दरबारातील चित्रांत दोन लेखनिक शेजारी उभे दिसतात. एक मातीच्या पाटीवर क्यूनिफॉर्म लिपीत लिहितो, दुसरा चामड्याच्या गुंडाळीवर अरॅमाइकमध्ये.

सेनॅकरिबने (इ. स. पू. ७०५–६८१) निनेव्हला राजधानी केली. डोंगरातले पाणी तेथवर आणण्यासाठी कालवे खोदले आणि जेरवान येथे दगडी जलसेतू बांधला. त्यानेच इ. स. पू. ६८९ मध्ये बॅबिलोन उद्ध्वस्त केले आणि शेवटी मुलाच्या हातून मारला गेला. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या एसारहॅडनने इ. स. पू. ६७१ मध्ये ईजिप्तमधील मेम्फिस घेतले. असुरबनिपाल आपल्याला लिहितावाचता येते याचा अभिमान बाळगणारा राजा होता. त्याने देशभरच्या मंदिरांतून ग्रंथ मिळवून निनेव्हला ग्रंथालय उभारले. तेथील तीस हजारांहून अधिक पाट्या व तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गिल्गमेश महाकाव्याची मुख्य प्रत त्यांतच सापडली. याच राजाने इ. स. पू. ६४७ च्या सुमारास नैर्ऋत्य इराणातील एलम राज्याची राजधानी सुसा लुटून तेथील राजांची थडगी उकरली.

त्याच्यानंतर सुमारे वीस वर्षांत सारे कोसळले. इ. स. पू. ६२६ मध्ये नाबोपोलासर बॅबिलोनचा राजा झाला. इराणच्या पठारावरील मीड लोकांनी इ. स. पू. ६१४ मध्ये अशुर घेतले आणि ६१२ मध्ये या दोघांच्या फौजांनी मिळून निनेव्ह जाळले. ईजिप्तच्या मदतीने हारान परत घेण्याचा ॲसिरियनांचा शेवटचा प्रयत्न इ. स. पू. ६०९ मध्ये फसला. इ. स. पू. ४०१ मध्ये ग्रीक सेनानी झेनोफन ॲसिरियन शहरांच्या अवशेषांजवळून गेला, तेव्हा ती शहरे मीड लोकांची असल्याची त्याची समजूत झाली. दोनशे वर्षांत एवढे विस्मरण घडले होते.

पर्शियन साम्राज्याचा संस्थापक सायरस हा आरंभी मीडांचा मांडलिक होता. इ. स. पू. ५५० मध्ये त्याने मीड राजा अस्तायगिसचा पराभव केला. त्यानंतर लिडियाचे राज्य आणि इ. स. पू. ५३९ च्या ऑक्टोबरमध्ये बॅबिलोन घेतले. तेथे १८७९ मध्ये सापडलेल्या मातीच्या दंडगोलावर त्याची घोषणा आहे. हा दंडगोल २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत प्रदर्शनासाठी आला होता, तेव्हा तो पाहायला पारशी मंडळींची रीघ लागली होती. मानवी हक्कांची पहिली सनद असे त्याला म्हटले जाते. हे विसाव्या शतकातले कौतुक आहे. मजकूर मेसोपोटेमियन राजांच्या जुन्या धाटणीचा आहे : देव प्रसन्न झाला, मूर्ती आपापल्या देवळांत परत पाठवल्या, तटाची डागडुजी केली. शेवटी सायरस सांगतो की बांधकामात त्याला पूर्वीच्या एका राजाचा लेख मिळाला. तो राजा असुरबनिपाल. पर्शियन विजेता आपली परंपरा मुद्दाम ॲसिरियन राजाशी जोडतो, हे या दंडगोलातील सर्वांत बोलके वाक्य होय.

सायरसचा मुलगा कॅम्बायसिसने इ. स. पू. ५२५ मध्ये ईजिप्त जिंकले. त्याच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात पहिला दरायस (इ. स. पू. ५२२–४८६) गादीवर आला आणि साम्राज्यभर बंडे पेटली. एका वर्षात १९ लढाया करून नऊ राजांना पकडल्याचे त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर जुनी पर्शियन, एलमाइट व बॅबिलोनियन अशा तीन भाषांत कोरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी हेन्री रॉलिन्सन याने जीव धोक्यात घालून हा लेख उतरवून घेतला. क्यूनिफॉर्म लिपीच्या वाचनाला त्यामुळे मोठी चालना मिळाली.

दरायसने प्रांतांची घडी नव्याने बसवली. प्रांताधिकाऱ्याचा जुना पर्शियन हुद्दा ग्रीकांनी ‘सत्रप’ असा उच्चारला. भारतात तो ‘क्षत्रप’ झाला. नाशिकच्या लेण्यांतील नहपानकालीन लेखांत तोच शब्द भेटतो. सिंधूकाठचा प्रांत लेखांत ‘हिंदुश’ म्हणून येतो. ‘हिंदू’ आणि ‘हिंद’ ही नावे याच उच्चाराची. ग्रीक इतिहासकार हीरोडोटसच्या मते हा प्रांत दरसाल ३६० टॅलेंट सोन्याचा कीस भरत असे. सुसापासून लिडियातील सार्डिसपर्यंतच्या राजमार्गावर त्याने १११ मुक्काम मोजले आहेत. पायी नव्वद दिवसांची ही वाट राजाचे घोडेस्वार जासूद फार लवकर कापत. दप्तराची भाषा अरॅमाइकच राहिली.

पर्शियन राजधानी पर्सेपलिसच्या दारावरचे मानवमुखी पंखधारी बैल उघडच ॲसिरियन वळणाचे आहेत. जिन्यांच्या भिंतींवर मात्र वेढे आणि शिरच्छेद नाहीत. २३ प्रदेशांची शिष्टमंडळे भेटी घेऊन येताना दिसतात आणि दरबारी त्यांना हाताला धरून नेतो. त्यांत खांद्यावर कावड घेतलेला भारतीयही आहे. जुलूम दाखवायचा नाही, स्वखुशीने आलेली प्रजा दाखवायची, हा बदल केवळ शैलीचा नव्हे. तो राज्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेतला बदल आहे. तरीही बंडखोरांचे नाककान कापल्याचे बेहिस्तूनला दरायसही सांगतोच. १९३३–३४ मध्ये सापडलेल्या पर्सेपलिसच्या पाट्यांत शिध्याच्या हजारो नोंदी आहेत. कोणत्या मजुराला किती धान्य, प्रवाशाला किती पीठ, बाळंतिणीला किती जादा वाटा, सारे टिपलेले आहे. मुलगा झाल्यास तो वाटा दुप्पट मिळे.

मॅरथॉन (इ. स. पू. ४९०) आणि सॅलॅमिस (४८०) येथील पराभव ग्रीकांना युगप्रवर्तक वाटले. पर्शियाच्या दृष्टीने ते पश्चिम सीमेवरचे अपयश होते आणि साम्राज्य त्यानंतर दीडशे वर्षे टिकले. ईजिप्त हातचे गेले, पुन्हा मिळवले. राजवाड्यातील खून वाढत गेले. अखेर इ. स. पू. ३३१ मध्ये गॉगामेला येथे, निनेव्हच्या भग्नावशेषांपासून फार दूर नसलेल्या मैदानात, अलेक्झांडरने तिसऱ्या दरायसला हरवले. पुढच्या वर्षी पर्सेपलिस जळाले. त्याआधीच, बॅबिलोनमध्ये शिरल्यावर, अलेक्झांडरने तेथील क्षत्रप नेमला होता. तो होता माझायस, गॉगामेलाला पर्शियन सैन्याची उजवी फळी सांभाळणारा दरायसचाच सरदार.