शब्द आणि सुरा

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ साली आपल्या 'पेनसिल्व्हानिया गॅझेट' या वृत्तपत्रात एक चमत्कारिक कोश छापला. झिंगलेल्या माणसाला उद्देशून वापरले जाणारे दोनशेहून अधिक इंग्रजी शब्दप्रयोग त्यात वर्णानुक्रमाने दिले होते. त्यात कोणी 'जेरुसलेमला निघालेला' आहे, तर कोणाचे 'सुकाणू हरवले' आहे. या विपुलतेचे फ्रँकलिनने दिलेले कारण मार्मिक आहे. इतर दुर्गुण सद्गुणांची नावे उसनी घेतात. कृपणता स्वतःला काटकसर म्हणविते. मद्यासक्तीशी मात्र एकाही सद्गुणाचे साम्य नाही. म्हणून तिला आडवळणाच्या शब्दांचा आश्रय घ्यावा लागतो. आपल्या बोलण्यात आलेला 'टाइट' हा शब्दही त्याच कुळातला!

थट्टेच्या या शब्दांशेजारी निंदेचेही शब्द होते. 'ड्रंक' ही एका संध्याकाळची अवस्था. 'ड्रंकर्ड' हा मात्र जन्माचा शिक्का. त्यातील 'अर्ड' हा प्रत्ययच तुच्छतादर्शक; भित्र्याला 'कॉवर्ड' म्हणतात तोही त्याच्याच बळावर. इंग्लंडच्या १६०६ च्या कायद्याने मद्यधुंदपणाला 'पाप' म्हटले आणि पाच शिलिंग दंड ठरविला. तो न भरल्यास सहा तास खोड्यात!

पुढे वैद्यांनी वेगळी भाषा आणली. बेंजामिन रश या अमेरिकन वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस अतिमद्यपानाची लक्षणे रोगाप्रमाणे वर्णिली. १८४९ साली स्वीडनच्या माग्नुस हुस याने 'अल्कोहोलिझम' ही संज्ञा रूढ केली. ब्रिटिश कायद्यातही फरक पडला : १८७९ च्या कायद्याच्या नावात 'ड्रंकर्ड' होता, १८८८ मध्ये त्याच्या जागी लॅटिन वळणाचा 'इनेब्रिएट' आला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली 'अल्कोहोल यूज डिसऑर्डर' हे नाव स्वीकारले. त्यात विकाराचे नाव आहे, माणसाचे नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. पापी ठरला की माणूस खोड्यात जातो, रोगी ठरला की रुग्णालयात. आणि थट्टेचा विषय झाला की तो आहे तिथेच राहतो, त्याच्या घरचे दुःख मात्र कोणाच्या कानी पडत नाही. नाव बदलल्याने व्यसन सुटत नाही, हे खरे. पण ज्याला परतायचे आहे, त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे की लावून घ्यायचे, हे पुष्कळदा आपला शब्दच ठरवितो.