घराने न पाहिलेले कागद

आपल्या वस्तीतली एखादी म्हातारी गेली, की शोकसभेत तिच्याविषयी ठरलेली चार वाक्ये बोलली जातात. प्रेमळ पत्नी होती, वत्सल माता होती, नातवंडांची लाडकी आजी होती, आयुष्यभर घरासाठी झिजली. ही वाक्ये खोटी नसतात. पण झिजली म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. श्रद्धांजली जिथे थांबते तिथून इतिहासाला सुरुवात करावी लागते, हे बेबीताई कांबळे यांच्या आयुष्याकडे पाहिले की ध्यानी येते.

बेबीताईंचा जन्म १९२९ चा. बालपण वीरगावच्या महारवाड्यात आजोळी गेले, पुढचे आयुष्य फलटणला. तेराव्या वर्षी लग्न झाले. दहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. नवऱ्याबरोबर त्यांनी आधी सुटी द्राक्षे विकली, मग भाजीपाला, पुढे किराणा मालाचे दुकान थाटले. संसार उभा राहिला, मुले शिकली. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द कोणाला शोभत असेल तर तो त्यांना.

आणि याच बाईने जवळजवळ वीस वर्षे आपले लेखन आपल्याच कुटुंबापासून लपवून ठेवले. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येई. ती त्या वाचीत. नवरा माल आणायला बाहेर पडला, गिऱ्हाईक नसले, की त्या लिहीत. लिहिलेले कागद कोणाचे लक्ष जाणार नाही अशा कोपऱ्यात सारून ठेवीत. मूळच्या अमेरिकेच्या, पण फलटणला घर केलेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने हे कागद उजेडात आले. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले.

हे कागद लपवावे का लागले? सवर्णांच्या भीतीने नव्हे. भीती घरातली होती. पुस्तकात गावकीची गुलामगिरी आहे, भूक आहे, अंधश्रद्धा आहे. त्याबरोबरच महारवाड्यातल्या सुनेचे हालही आहेत: मध्यरात्री उठून दळायला बसणारी पोर, पळून गेली म्हणून पायात लाकडी खोडा अडकवलेली सून. ज्यांना गावाने गुलाम केले, त्यांनी आपल्या सुनांना गुलाम केले, हे सत्य बेबीताईंनी कोणाचीही भीड न ठेवता मांडले. मात्र स्वतःच्या नवऱ्याविषयी पुस्तकात त्या फारसे बोलत नाहीत. त्याचा संशय आणि मारहाण यांविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. शीर्षकातच ‘आमुचं’ आहे, ‘माझं’ नाही. समाजाचे दुःख लिहिणे त्यांना कर्तव्य वाटले, स्वतःचे दुःख त्यांनी मागे ठेवले. हे मागे ठेवणेसुद्धा इतिहासाचे साधन आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांना सांगितले होते, की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बटीक होण्याचे नाकारावे. बेबीताईंचे लग्न त्याच सुमाराचे. बाबासाहेबांचा विचार फलटणला पोचला. त्यानेच त्यांना लिहिते केले. पण तो विचार सभेच्या मंडपातून घराच्या उंबऱ्याच्या आत यायला किती वर्षे लागली, याचे उत्तर त्या लपवलेल्या कागदांत आहे. चळवळीतल्या पुरुषांनी हा हिशेब टाळू नये.

कोणी म्हणेल, मेल्यामागे अशा गोष्टी उकरून काढणे म्हणजे मायेला बट्टा लावणे. तसे नाही. बेबीताईंनी माया सोडली नाही आणि सत्यही सोडले नाही. दुकान चालवले, मुले वाढवली, निंबुरे येथे मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली आणि लिहिलेही. २०१२ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्या पत्नी, आई, आजी तर होत्याच. पण आपल्या समाजाच्या इतिहासकारही होत्या. पहिल्या तीन नात्यांनी त्यांना चौथे काम करायला मोकळीक दिली नव्हती. ते त्यांनी चोरून केले.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरात म्हातारी असेल तर तिच्याजवळ बसा. ती काय राबली ते विचारा, आणि तिला काय करायचे होते तेही विचारा. ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या, घराण्याची अब्रू जाईल म्हणून त्यातले काही गाळू नका. प्रत्येकीच्या कोपऱ्यात कागद सापडणार नाहीत. पुष्कळजणींना अक्षरच मिळाले नव्हते. त्यांचे कागद आपणच व्हायचे आहे, आणि त्या आहेत तोवरच.