तरफेची दुहेरी चाकरी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी अमेरिकेच्या ‘बी-१७’ या बॉम्बफेकी विमानांचे काही वैमानिक, विमान धावपट्टीवर सुखरूप टेकल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी नेमकी चाकेच मिटून घेत, आणि धडधाकट विमान पोटावर आपटे. अशा प्रकरणी वैमानिकाची नजरचूक एवढा शेरा मारून कागद दफ्तरी दाखल होत. परंतु अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने माणसाऐवजी त्याच्या पुढ्यातील यंत्ररचनेची झडती घेतली, तेव्हा दोन्ही कामांचे खटके शेजारीशेजारी आणि हुबेहूब सारखे असल्याचे त्याला आढळले. एका खटक्याला रबरी चाकाची व दुसऱ्याला पाचरीची आकृती जोडताच अंधारातही बोटांना भेद कळू लागला.

युद्धाच्या अनुभवातून लाभलेले हे ज्ञान, वैमानिक आकाश सोडून जमिनीवरील खोलीत बसू लागला तेव्हा मात्र विस्मृतीत गेले. लष्करी ‘प्रिडेटर’च्या कुळातील एक वैमानिकरहित विमान २५ एप्रिल २००६ च्या पहाटे, मेक्सिकोच्या सरहद्दीवर गस्त घालीत असता, ॲरिझोनातील नोगालेसजवळ कोसळले. त्याच्या नियंत्रण-कक्षात एकसारखी दोन मेजे होती. वैमानिकाच्या मेजावरील जी तरफ इंजिनाचे इंधन राखी, तीच छायाचालकाच्या मेजावर कॅमेऱ्याचे प्रकाशद्वार उघडझाप करी. वैमानिकाचे मेज अकस्मात गोठले, म्हणून त्याने अधिकार दुसऱ्या मेजाकडे सोपविला. तरफा आधी जुळवून घेण्याचा जो लेखी शिरस्ता होता तो त्या घाईत राहून गेला, आणि छायाचालकाची तरफ इंधन तोडण्याच्या स्थितीत असल्यामुळे इंजिन बंद पडले. विमानात बसलेल्यास ती शांतता तत्क्षणी कानांवर आदळली असती. खोलीतील माणसाला विमान खाली येताना दिसले, पण कारण उमगले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकरहित विमानाच्या अपघाताची केलेली ही पहिलीच चौकशी. मंडळाने शिरस्ता मोडल्याचा ठपका वैमानिकावर ठेवला खरा, परंतु प्रशिक्षक कक्षात हजर नसणे, मेज वारंवार गोठत असूनही त्याचा बंदोबस्त न होणे आणि वरिष्ठ खात्याची देखरेख अपुरी पडणे यांचीही नोंद करून २२ शिफारशी केल्या. मनुष्य विमानातून उतरला म्हणून मानवी प्रमाद संपत नाही. तो रचनाकाराच्या, दुरुस्तीदाराच्या आणि अंमलदाराच्या मेजावर विभागला जातो, आणि शेवटी तरफेवर ज्याचा हात असतो, केवळ त्याच्याच नावे तो खतावणे हा अपुरा हिशेब होय.